जुनं घर दुरुस्त करताना : बेळगुंदीतला एक अनुभव आणि थोडी माहिती

आपल्या मंडळात देवळं, वीरगळ, शिलालेख, गडकिल्ले यांवर पुष्कळ निबंध वाचले गेले. राहत्या घरांवर मात्र क्वचितच कुणी लिहिलं. आमच्या घराचं काम बघून गेलेल्या दोघा-तिघा सभासदांनी आग्रह केला, म्हणून हे टिपण. मी ना वास्तुविशारद ना इंजिनिअर. घरमालक म्हणून जे शिकलो, जे चुकलो आणि ज्यावर पैसे खर्च केले, तेवढंच सांगतो.

बेळगुंदी बेळगाव शहराच्या पश्चिमेला, राकसकोपच्या बाजूला. घाटमाथा जवळ, त्यामुळे पाऊस पूर्वेकडच्या गावांपेक्षा कितीतरी जास्त. आमचं घर गावात पूर्वी सगळ्यांचं होतं तसंच. जोतं आणि खिडकीच्या उंबऱ्यापर्यंतची भिंत जांभ्या चिऱ्याची, वर मातीचे भेंडे, त्यावर लाकडी तुळया-वासे आणि मंगळुरी कौलं. पुढे सोपा, मग माजघर, एका अंगाला देवघर, मागे स्वयंपाकघर आणि परडं. कोरीव खांब नाहीत, भित्तिचित्रं नाहीत. वाडा म्हणावं असं तर काहीच नाही.

२०१९ च्या ऑगस्टचा पाऊस कुणी विसरलेलं नसेल. बेळगाव जिल्ह्यात त्या महिन्यात हजारो घरं पडली. आमच्या घराचा पश्चिमेकडचा कोपरा रात्रीतून खाली आला. सुदैवाने त्या खोलीत कुणी झोपत नव्हतं. सकाळी गवंडी आला, भिंतीवर दोन बुक्क्या मारल्या आणि म्हणाला, "ह्यात आता जीव राहिला नाही ओ. पाडा आणि स्लॅब घाला." भावाला ते लगेच पटलं. घरात चौघांचे वाटे. दोघा चुलत भावांना पुढे-मागे गाळे काढायचे होते. मला पाडायचं नव्हतं, पण का नको ते नीट सांगता येत नव्हतं. "आज्जीनं सारवलेलं घर" हे काही वाटणीच्या बैठकीत चालणारं कारण नव्हे.

तेव्हा पुण्यातल्या एका मित्राने सुचवलं, पाडायच्या आधी एखाद्या कॉन्झर्वेशन आर्किटेक्टला दाखव. हा शब्द मी तोवर राजवाडे आणि संग्रहालयांच्या बाबतीतच ऐकला होता. मुंबईच्या राणीच्या बागेतलं भाऊ दाजी लाड संग्रहालय, मूळचं १८७२ सालचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, विकास दिलावरी यांच्या देखरेखीखाली दुरुस्त झालं आणि २००५ साली त्याला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला, हे वाचलेलं होतं. पुण्यात दुसऱ्या बाजीरावांचा विश्रामबागवाडा महापालिकेने टप्प्याटप्प्याने सावरला, तोही बघितलेला. १८२१ साली त्याच वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली होती. पण तसल्या इमारतींची माणसं बेळगुंदीच्या शेतकऱ्याच्या घरी कशाला येतील?

आल्या. आणि पहिल्या दिवशी घरात जवळजवळ शिरल्याच नाहीत. पाऊस पडत होता. बाई छत्री घेऊन घराभोवती तासभर फिरल्या. कौलावरचं पाणी कुठे पडतं, पडून कुठे जातं, शेजारच्या गल्लीतलं गटार कोणत्या उंचीवर आहे, हेच बघत होत्या. मग भिंतीवर जिथवर ओल चढली होती तिथे पेन्सिलीने रेघ मारली, रेघेशेजारी तारीख लिहिली. असं आत-बाहेर मिळून अकरा ठिकाणी. आम्ही विचारलं, घर राहील काय? म्हणाल्या, "आजारी कशानं पडलंय ते आधी कळू दे."

साधा आर्किटेक्ट आणि हा, यांतला फरक मला इथे कळला. दोघेही शिकलेले. १९७२ च्या आर्किटेक्ट्स ॲक्टप्रमाणे दोघांचीही कौन्सिलकडे नोंदणी लागते (काम देण्याआधी नोंदणी क्रमांक जरूर विचारावा, त्यात संकोच नको). पण नवीन घर बांधणारा जे नाही ते काढतो. जतनाचं काम करणारा आधी जे आहे ते काढतो. आमच्या घराचे नकाशे तयार व्हायलाच सहा आठवडे गेले. कुठल्याच दोन भिंती काटकोनात नाहीत हे तेव्हा कळलं. प्रत्येक भिंतीचं चित्र काढून त्यावर भेगा, ओल, लोणा, वाळवी, पूर्वीची डागडुजी वेगवेगळ्या रंगांनी दाखवली. चुलतभाऊ वैतागून म्हणाला, "चित्रं काढायलाच पैसे दिले की काय?" खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं.

पण भिंत का पडली ते त्या चित्रांतूनच समजलं. आणि कारण आमच्याच घरातलं निघालं.

त्यासाठी जांभ्याविषयी थोडं सांगावं लागेल. १८०० साली फ्रान्सिस ब्यूकॅनन हा इंग्रज कंपनीचा डॉक्टर म्हैसूर-मलबार भागात हिंडत असताना अंगाडिपुरम इथे त्याने लोक कुऱ्हाडीसारख्या हत्याराने जमिनीतून चौकोनी चिरे कापताना पाहिले. खाणीत मऊ असणारा हा दगड हवेत ठेवला की टणक होतो. विटेसारखा वापर होतो म्हणून लॅटिनमधल्या वीट या अर्थाच्या शब्दावरून त्याने त्याला लॅटराइट नाव दिलं आणि १८०७ साली ते छापलं. आपल्याकडे त्याला जांभा म्हणतात, चिरा म्हणतात, त्यात नवं काही नाही. पण या दगडाला भोकं असतात, तो पाणी पितो. जमिनीतली ओल त्यातून दिव्याच्या वातीतल्या तेलासारखी वर चढते. मातीचे भेंडेही तसेच.

आपल्या पूर्वजांनी ही ओल थांबवायचा प्रयत्न केला नाही. तिला बाहेर पडायला वाट ठेवली. चुन्याच्या किंवा मातीच्या गिलाव्यातून भिंतीतलं पाणी वाफ होऊन निघून जातं. पावसाळ्यात भिंत भिजते, दिवाळीनंतर सुकते. वर पुढे आलेली वळचण, खाली उंच जोतं, आणि पश्चिमेच्या भिंतीला दर आगोटीला गवता-पाल्याचे आडोसे. सगळं मिळून एक व्यवस्था होती.

१९८०-९० च्या दशकात गावात सिमेंट सहज मिळू लागलं. आमच्या वडिलांनी ऊस आणि बटाट्याच्या पैशातून मोठ्या हौसेने सगळ्या भिंतींना बाहेरून सिमेंटचा गिलावा करून घेतला. आतून लोणा झडायचा, तर पाचेक वर्षांनी आतूनही केला. त्या वेळी सगळं गाव हेच करत होतं, आणि दरसाल सारवायचा, चुना काढायचा त्रास वाचला म्हणून आई खूश होती. दोष कुणाला द्यायचा? पण झालं असं, की ओल जमिनीतून वर चढतच राहिली आणि बाहेर पडायची वाट दोन्हीकडून बंद. मग ती आणखी वर चढली. पूर्वी हातभर असायची ती छातीपर्यंत आली. सिमेंटच्या कवचाआड भेंडे वर्षानुवर्षं ओले राहून लोण्यासारखे मऊ झाले. बाहेरून भिंत ठणठणीत दिसत होती. बाईंनी सिमेंटचा एक पोपडा काढून दाखवला, तर आतली माती बोटाने काढता येत होती. २०१९ च्या पावसाने फक्त शेवटचा धक्का दिला.

मातीची घरं पावसाने पडतात असं आपण सर्रास म्हणतो. माझं आता मत असं आहे, की आपल्या भागात त्या साली जी पडली त्यांतली बरीचशी मातीमुळे पडली नसावीत, मातीवर चढवलेल्या सिमेंटमुळे पडली असावीत. कुणीतरी गावोगाव फिरून याची नोंद करायला हवी होती. आता पाडलेल्या घरांच्या जागी स्लॅब उभे आहेत, पुरावा राहिलेला नाही.

ही चूक फक्त आपलीच असं समजू नये. अथेन्सच्या अक्रोपोलिसवर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पडलेले संगमरवरी दगड जोडताना लोखंडी पट्ट्या वापरल्या. ते लोखंड गंजून फुगलं आणि जे अडीच हजार वर्षं टिकलं ते आतून तडकू लागलं. पुढे त्या पट्ट्या काढून टायटॅनियमच्या घालाव्या लागल्या. १९३१ च्या अथेन्स सनदेत जुन्या वास्तूंसाठी काँक्रीट वापरायला मोकळेपणाने संमती होती. १९६४ च्या व्हेनिस सनदेपर्यंत तज्ज्ञ सावध झाले. आपल्या देशात १९८४ साली स्थापन झालेल्या इन्टॅकने २००४ मध्ये स्वतःची सनद केली. सरकारी संरक्षणाबाहेरच्या, माणसं राहतात अशा वास्तूंचा आणि पारंपरिक कारागिरांच्या ज्ञानाचा तीत मुद्दाम विचार आहे. आमच्यासारख्या घरांना ही सनद जास्त जवळची.

आता कौलांची गोष्ट. ही इतिहासाच्या मंडळाला आवडेल. आमच्या घरात एक समज पक्का होता, की घर १८६५ सालचं. पुरावा काय? माळ्यावर चढून कौलाच्या पोटाकडची बाजू बघा, तिथे बासेल मिशनचं नाव आणि १८६५ आकडा ठसठशीत आहे. मी स्वतः शाळेच्या स्नेहसंमेलनात हे भाषणात सांगितलेलं आहे. बाई हसल्या. १८६५ हे बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला ते वर्ष. ते ठशात पुढेही कितीतरी वर्षं छापलं जात होतं. म्हणजे कौल १८६५ च्या आधीचं नाही, एवढंच त्यावरून सिद्ध होतं. शिवाय सोप्यावरच्या कौलांवर कॉमनवेल्थ असा ठसा निघाला. पहिल्या महायुद्धानंतर मिशनचे कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले, तेव्हा ती कौलं त्यानंतरची. म्हणजे छप्पर निदान दोनदा तरी झालेलं.

मग घर केव्हाचं? घरच्या पेटीत मोडीतले काही कागद होते, ते मोडी वाचणाऱ्या एका सभासदांनी वाचून दिले. त्यात जागेच्या वाटणीचा उल्लेख आहे, घराचा नाही. तुळयांच्या एका टोकाला जुन्या खाचा दिसतात ज्यांचा आजच्या रचनेत काही उपयोग नाही. त्या लाकडांनी आधी दुसरं कुठलं तरी घर पेललेलं असणार. सोपा नंतर जोडलेला आहे, हे त्याच्या आणि माजघराच्या भिंतीतल्या सरळ उभ्या सांध्यावरून कळलं. थोडक्यात, घर एका साली बांधलेलंच नाही. वाढत वाढत झालंय. माझं स्नेहसंमेलनातलं भाषण मात्र मागे घेतो.

कागदपत्रांचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो, कारण बहुतेक दुरुस्त्या इथेच अडतात. बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. त्यामुळे जुने कागद मराठी-मोडीत, नंतरचे कन्नडमध्ये. ग्रामपंचायतीच्या मिळकतीला आता ई-स्वत्तूचे नमुना ९ आणि ११ चे उतारे लागतात. आमच्या उताऱ्यावर अजून आजोबांचं नाव होतं. सगळ्या वारसांच्या सह्या झाल्याशिवाय बाईंनी काम सुरू करायला चक्क नकार दिला. एका वाटेकऱ्याची संमती नसताना लावलेला पैसा हमखास भांडणात जातो, असा त्यांचा अनुभव. सह्या मिळवायला आम्हाला सात महिने लागले. चुलत भावांशी शेवटी ठरलं ते असं : दोन पावसाळे बघायचे. तेवढ्यात ओल उतरली नाही तर पाडायचं, मी अडवणार नाही.

पाडायला कायद्याने कुणीच अडवलं नसतं, हेही सांगितलं पाहिजे. केंद्राचा १९५८ चा कायदा आणि कर्नाटकाचा १९६१ चा कायदा घोषित स्मारकांसाठी आहेत. गावातल्या खाजगी घराला त्याचं संरक्षण नाही. बेळगावच्या किल्ल्यात स्वामी विवेकानंद ऑक्टोबर १८९२ मध्ये वनाधिकारी हरिपद मित्र यांच्याकडे ज्या घरी राहिले, ते आज रामकृष्ण मिशनने स्मारक म्हणून सांभाळलं आहे. गोव्यात केप्याला कुशावतीकाठी १७८७ चा डीनचा वाडा एका दांपत्याने वर्षानुवर्षं खपून उभा केला, आता लोक तो पाहायला जातात. आमच्या घरी असा थोर पाहुणा कधी उतरला नाही आणि तिकीट काढून बघायला कुणी येणारही नाही. तेव्हा अनुदान नाही, देणगी नाही. जे आहे ते राहणाऱ्यांच्या खिशातून.

प्रत्यक्ष काम पाण्यापासून सुरू झालं. आधी घराभोवतीची सिमेंटची फरशी फोडली. पावसाचं पाणी भिंतीच्या बुडाशी डांबून ठेवायचं काम तीच करत होती. तिच्या जागी खडी भरलेला चर, उतार परड्याकडे. मग कौलं उतरवून धुऊन परत चढवली. फुटकी बाजूला काढली, आणि पाडलेल्या घरांची जुनी कौलं आसपासच्या गावांत शोधून कमतरता भरली. वाशांना सुताराने हातोडीने वाजवत आणि टोच्याने टोचत तपासलं. भिंतीत रुतलेली टोकं कुजली होती, बाकी लाकूड उत्तम. आमच्या डोक्यात सगळे वासे बदलायचे होते. बाईंनी फक्त कुजलेली टोकं कापून तिथे तसल्याच जुन्या लाकडाचे तिरपे सांधे मारून घेतले. सांधा उघड दिसतो, तो लपवला नाही. पुढच्या माणसाला कळलं पाहिजे, कुठलं जुनं आणि कुठलं आपलं.

खरा वेळ गेला चुन्यात. चुनखडीचा दगड सुमारे ९०० अंशांना भाजला की कळीचा चुना होतो. त्यावर पाणी घातलं की तो उकळतो, फुटतो आणि लोणी होतो. हे लोणी पाण्याखाली झाकून मुरवायचं, जितकं जुनं तितकं चांगलं. भिंतीवर लावल्यावर तो हवेतला कार्बन वायू परत घेऊन हळूहळू पुन्हा दगड होतो. हळूहळू हा शब्द महत्त्वाचा. सिमेंट एका दिवसात घट्ट होतं, चुन्याला आठवडे लागतात, तोवर ओलं गोणपाट लावून ऊन-वाऱ्यापासून जपावं लागतं. आम्ही बागलकोटकडून कळीचा चुना आणला, परड्यात खड्डा काढून तीन महिने मुरवला.

मुरवलेला चुना वापरता येणारा गवंडी गावात उरला नव्हता. शेवटी सत्तरी ओलांडलेले एक गवंडी मिळाले, त्यांनी लहानपणी वडिलांबरोबर बैलांच्या घाणीवर चुना मळलेला. थापी हातात घेतल्यावर पहिले दोन दिवस म्हणत होते, विसरलो. तिसऱ्या दिवशी आमच्या तरुण गवंड्याला ओरडायला लागले, तेव्हा ओळखलं की आठवलं. गूळ, बेलफळ आणि मेथीचं पाणी घालायचंच असा त्यांचा हट्ट. बाईंनी नाही म्हटलं नाही. गोठ्याच्या भिंतीवर चार वेगवेगळे नमुने लावून महिनाभर ठेवले. गूळ जास्त झालेला नमुना घट्ट व्हायलाच तयार नव्हता आणि मुंग्यांची रांग लागली ती वेगळीच. थोडा गूळ आणि बेलफळाचं पाणी असलेला सर्वांत चांगला निघाला. एक भाग चुना, तीन भाग वाळू. आजोबा म्हणाले, "आमचे बाबा असंच घालीत होते, मीच जास्त घातलो."

जुन्या सिमेंटचा गिलावा काढताना भिंतीचं नुकसान होतंच. तो मशिनने नाही, छिन्नी-हातोडीने काढला. त्यानंतर भिंती एक अख्खा उन्हाळा उघड्या ठेवल्या. घराला बघून लोक विचारत, "काय ओ, काम बंद पडलं?" काम चालूच होतं, भिंत वाळत होती. पडलेला कोपरा जुनीच माती चाळून, पेंढा घालून, नवे भेंडे पाडून बांधला.

सगळंच जुनं ठेवावं असं माझं म्हणणं नाही. न्हाणीघर आणि संडास नवे, फरशी बसवलेले, पण मूळ भिंतीपासून हातभर सुटे. वायरिंग पूर्ण नवं. माजघरात उजेड यावा म्हणून कौलांत काचेची चार कौलं. आई म्हणाली, सारवण नको, गुडघे दुखतात. तेव्हा जमिनीला शहाबादी फरशी, खाली सिमेंट न घालता चुना-वाळूवर. ज्या घरात राहणाऱ्याचे हाल होतात ते जास्त दिवस टिकत नाही.

खर्च सांगा म्हणून सगळे विचारतात. आमच्याकडे मजुरी जास्त आणि सामान कमी, असा हिशेब पडला. त्याच क्षेत्रफळाच्या स्लॅबच्या घरापेक्षा स्वस्त झालं, पण वेळ तिप्पट लागला. बाईंची फी टक्क्यांवर न ठरवता टप्प्यांवर ठरवली होती : पाहणी आणि नकाशे, मग दुरुस्तीचा आराखडा, मग देखरेख. पहिल्या टप्प्यानंतर थांबायची मुभा दोघांनाही. ज्यांना पूर्ण काम परवडत नाही त्यांनी निदान हा पहिला टप्पा तरी करून घ्यावा. घर पुढे पाडावं लागलं तरी त्याची नोंद हातात राहते, आणि आपल्या मंडळाला ती फार उपयोगाची आहे.

दुसरा पावसाळा संपला तेव्हा बाई आल्या, पेन्सिलीच्या अकरा रेघा शोधल्या. गिलाव्याबरोबर त्या गेल्या होत्या, पण मापं वहीत होती. नऊ ठिकाणी ओल गुडघ्याच्या खाली उतरलेली. एका ठिकाणी फरक थोडाच, तिथे शेजारच्या गटाराचं पाणी येतं आणि पंचायतीत अर्ज दिलाय. अकरावी जागा पश्चिमेच्या भिंतीची, तिथे अजून मापण्यात अर्थ नाही, नव्या मातीला सुकायला वेळ द्यायला हवा. चुलत भावाने वही स्वतः हातात घेऊन आकडे वाचले. काही बोलला नाही. पण परवा त्याच्या स्वतःच्या गोठ्याच्या भिंतीवरचं सिमेंट काढायला छिन्नी मागून घेऊन गेला.

पश्चिमेच्या भिंतीचा बाहेरचा गिलावा येत्या हिवाळ्यात होईल. मुरवलेला चुना अर्धा खड्डा शिल्लक आहे. ज्यांना हात लावून बघायचंय त्यांनी आगोटीच्या आधी बेळगुंदीला यावं, आणि येताना आपापल्या घराच्या कौलांच्या ठशांचे फोटो आणावेत. त्यांची एकत्र यादी करायचा विचार आहे.